तवा आणि तंदूर

नान हा शब्द उच्चारतांच शहरांतील सुशिक्षित कुटुंबाच्या डोळ्यांपुढें हॉटेल उभें राहतें. पोळी घरची, भाकरी घरची, पुरी सणावाराची. नान मात्र बाहेर जाऊन खावयाचा, अशी एक वाटणी आपल्या मनांत नकळत ठरून गेली आहे. अलीकडे ही वाटणी मोडूं लागली आहे. अनेक घरांतून साध्या लोखंडी तव्यावर नान भाजला जातो, मुलें तो आवडीनें खातात, आणि पानावरून उठतां उठतां कोणी तरी हटकून म्हणतो, "झाला चांगला, पण हा कांहीं खरा नान नव्हे!" खरा नान तंदुरांतला, आणि तव्यावरचा तो नकली, असा या म्हणण्याचा अर्थ. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हें ठरवावयाचें तर इतिहासाकडे वळलें पाहिजे. तो पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, भाकरीचा आकार, तिची जाडी आणि तिची चव हीं बव्हंशीं एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहत आलीं आहेत. तो प्रश्न असा, कीं विस्तव कोणाचा?

धान्य कुटून त्याची चपटी भाकरी भाजण्याची कला शेतीपेक्षांहि जुनी आहे. जॉर्डनच्या ईशान्येस काळ्या दगडांच्या ओसाड प्रदेशांत शुबैका नांवाचें एक प्राचीन वस्तीस्थान आहे. तेथील चुलींत संशोधकांना भाकरीचे जळून कोळसा झालेले बारीक तुकडे सांपडले, आणि त्यांचा अहवाल २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. हे तुकडे सुमारे १४,४०० वर्षांपूर्वींचे, म्हणजे त्या भागांत शेती सुरू होण्याच्या जवळजवळ ४,००० वर्षें आधींचे ठरले. रानटी गहूं, जव यांसारखीं तृणधान्यें आणि पाणथळ जागीं उगवणाऱ्या लव्हाळ्याच्या जातीचे कंद कुटून तें पीठ केलेलें होतें. खमीर नाहीं, तवा नाहीं, भट्टीहि नाहीं; तापलेला दगड किंवा निखाऱ्यांची राख एवढ्यावर हें काम भागलें असावें. पुढें भाकरीच्या दोन वाटा फुटल्या. एक वाट विस्तवाच्या पोटांत शिरली, दुसरी विस्तवाच्या माथ्यावर राहिली. पहिलीचें नांव तंदूर, दुसरीचें तवा.

तंदूर हा शब्द फार जुना आहे. मेसोपोटेमियांतील अक्कडी भाषेंत भट्टीला 'तिनूरु' असा शब्द होता. हिब्रू व अरबी भाषांत त्याचें रूप 'तन्नूर', फारसींत 'तनूर', आणि हिंदुस्थानांत 'तंदूर' झालें. आर्मेनियांतला 'तोनिर' आणि जॉर्जियांतला 'तोने' हीं त्याच कुळांतलीं नांवें. आपल्या भूमीलाहि अशा भट्ट्या नवीन नाहींत. राजस्थानांतील कालीबंगा येथें १९६० ते १९६९ या काळांत बी. बी. लाल व बी. के. थापर यांच्या देखरेखीखालीं उत्खनन झालें, तेव्हां आजच्या तंदुराशीं साम्य असलेल्या मातीच्या भट्ट्या तेथें आढळल्या. मात्र त्यांत जें कांहीं भाजलें जात असेल त्याला 'नान' म्हणतां येणार नाहीं. 'नान' हा शब्द फारसी असून इराणांत त्याचा अर्थ सरसकट 'भाकरी' असाच होतो. आपल्या 'नानकटाई'चा पहिला तुकडा तोच.

तंदुराचें काम कसें चालतें, हें नीट समजून घेतलें म्हणजे पुढचा सर्व इतिहास उलगडतो. तंदूर म्हणजे तोंडाशीं निमुळता होत गेलेला मातीचा मोठा रांजणच. त्याच्या तळाशीं लांकूड किंवा कोळसा पेटवितात. त्या विस्तवानें प्रथम भिंती तापतात, आणि भिंती पुरत्या तापेपर्यंत एकहि भाकरी लावतां येत नाहीं. त्यांत तास-दीड तास सहज जातो. आंतील उष्णता ४०० अंश सेल्सियसच्या आसपास, किंवा त्याहूनहि वर चढते. मग हातानें वाढविलेली मऊ कणीक भिंतीवर थापली म्हणजे तिची एक बाजू तापलेल्या मातीला चिकटून भाजते, दुसरी निखाऱ्यांच्या धगीनें भाजते, आणि मिनिट-दोन मिनिटांत काम होतें. कणकेंतील पाण्याची एकदम वाफ होऊन पापुद्रे फुगतात, आणि आंतला ओलावा निघून जाण्यापूर्वींच वरचें कवच धरतें. म्हणूनच तंदुरांतला नान बाहेरून खरपूस आणि आंतून लुसलुशीत राहतो.

परंतु एका कुटुंबाच्या दहा-बारा भाकऱ्यांसाठीं एवढें सरपण कोण जाळील? भिंती एकदां तापल्या कीं पन्नास भाकऱ्यांना जें जळण लागतें, त्याहून फारसें कमी दहांना लागत नाहीं. म्हणून तंदूर हा स्वभावतःच सामाईक झाला. पंजाबांत 'सांझा चूल्हा' या नांवानें ही पद्धति प्रसिद्ध आहे. घरोघरच्या स्त्रिया मळलेली कणीक परातींत घेऊन संध्याकाळीं तंदुराशीं जमावयाच्या, आपापली पाळी येईतों चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलावयाच्या, आणि फडक्यांत गुंडाळलेल्या गरम रोट्या घेऊन घरीं परतावयाच्या. शहरांत हेंच काम भट्टीवाल्याकडे गेलें. भट्टीची भाकरी घरीं परवडत नाहीं, म्हणून ती विकत घ्यावयाची. त्यांतूनच उत्तरेकडे नानबाईचा आणि गोव्यांत पोदेराचा धंदा उभा राहिला. नान ही बाहेरची वस्तु होण्याचें मूळ येथें आहे, आणि तें चवींत नसून सरपणाच्या हिशेबांत आहे.

आतां दुसऱ्या वाटेकडे वळूं. तवा हा गरिबाचा मित्र. मूठभर काटक्या किंवा दोन गोवऱ्या पेटविल्या कीं थोड्याच वेळांत तो तापतो, आणि एक भाकरी असो कीं दहा असोत, लागेल तेवढेंच जळण घेतो. 'तवा' या शब्दाचें नातें फारसी 'ताबा'शीं लावतात, आणि 'ताबा'च्या मुळाशीं असलेला तापण्याच्या अर्थाचा धातु व संस्कृतांतील 'तप्' हे एकाच घराण्यांतले भाऊ आहेत. मेक्सिकोंत 'कोमाल'वर मक्याची तोर्तिया भाजतात, इथिओपियांत 'मिताद' नांवाच्या रुंद थाळीवर तेफ नांवाच्या धान्याची आंबविलेली इंजेरा करतात, तुर्कस्तानांत घुमटाकृति 'साज'वर युफ्का शेकतात. ज्या ज्या समाजांत भाकरी घरच्या घरीं आणि थोड्या जळणांत करावी लागली, तेथें तेथें तव्याचा कोणता ना कोणता अवतार झालेला आहे.

लोखंडी तव्याच्याहि आधीं आपल्याकडे खापर होतें. वैदिक यज्ञांत देवतांना अर्पण करावयाचा पुरोडाश हा मातीच्या कपालांवर, म्हणजे खापऱ्यांवर भाजीत. अग्नीसाठीं आठ कपालें, अग्नि व सोम यांसाठीं अकरा, असे त्याचे नियम ठरलेले होते. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथांत 'मंडक' या पक्वान्नाची कृति येते. गहूं धुऊन, वाळवून, दळून त्याचें पीठ चाळावें, तूप-मीठ घालून मळावें, गोळे करून ते हातांनीं वाढवावे आणि तापलेल्या खापरावर भाजावे, असा तिचा आशय. हेच आपले मांडे. पालथें घातलेलें खापर आणि हातावर वाढविलेला मांडा हें दृश्य महाराष्ट्रांत कांहीं ठिकाणीं आजहि पाहावयास मिळतें.

मांडे म्हटले कीं महाराष्ट्राला मुक्ताबाई आठवल्यावांचून राहत नाहीं. मुक्ताबाईला मांडे करावयाचे होते. विसोबा चाटी यानें कुंभारांना ताकीद देऊन तिला खापर मिळूं दिलें नाहीं. तेव्हां ज्ञानदेवांनीं योगबळानें जठराग्नि प्रज्वलित करून आपल्या पाठीवर मांडे भाजूं दिले, अशी ही संतचरित्रांतील आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावयाची. परंतु तिच्यांत समाजाच्या अनुभवाची एक खूण आहे. वाळींत टाकलेल्या भावंडांना धान्याची बंदी केल्याचें येथें सांगितलेलें नाहीं. बंदी आहे ती भाजण्याच्या साधनाची. पीठ घरांत असूनहि उपाशी ठेवण्याची युक्ति विसोबाला ठाऊक होती. सामाईक भट्टी असो कीं कुंभाराचें खापर असो, साधन दुसऱ्याच्या हातीं असलें कीं त्याच्या मर्जीचा प्रश्न येतोच. संध्याकाळच्या तंदुरावर जशा चार घरच्या गोष्टी होतात, तसाच तेथें कोणाला पुढें घ्यावयाचें आणि कोणाला दूर ठेवावयाचें याचाहि निकाल लागूं शकतो. घरच्या लोखंडी तव्याचें मोल या बाजूनेंहि पाहिलें पाहिजे.

मुसलमानी अमदानींत या दोन्ही वाटा एकाच मुदपाकखान्यांत येऊन मिळाल्या. अबुल फजल यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'ंत बादशाही भाकऱ्यांची नोंद आहे. मोठी भाकरी भट्टींत भाजावयाची. तिला १० शेर पीठ, ५ शेर दूध, दीड शेर तूप आणि पाव शेर मीठ असें प्रमाण दिलें आहे. तेथेंच दुसरा प्रकार आहे तो पातळ भाकरीचा. ती लोखंडी तव्यावर भाजतात, एका शेरांत पंधरा किंवा त्याहूनहि अधिक होतात, आणि त्यांतल्या एका जातीला चपाती म्हणतात. गरम गरम वाढली असतां ती फार रुचकर लागते, असें तो मुद्दाम नमूद करतो. दुधातुपांत भिजलेल्या शाही नानाशेजारीं साध्या चपातीला हें स्थान मिळावें, ही लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. ज्या बादशहाला सरपणाची ददात नव्हती, त्याच्या घरींहि तवा होता, आणि तो केवळ काटकसरीसाठीं खास नव्हता. पातळपणा आणि ताजेपणा हे तव्याचे गुण आहेत.

तव्याची भाकरी घरोघर होते, या साध्या गोष्टीचा प्रत्यय इंग्रज अधिकाऱ्यांना १८५७ च्या आरंभीं वेगळ्याच रीतीनें आला. उत्तर हिंदुस्थानांत गांवोगांवचे चौकीदार लहान लहान चपात्या घेऊन शेजारच्या गांवीं जात, तेथील चौकीदाराला त्या देत, आणि आणखी तशाच करून पुढच्या गांवीं पोंचविण्यास सांगत. मथुरेचा मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल याच्या कचेरींतील टेबलापर्यंत या चपात्या येऊन पोंचल्या. त्यांचा अर्थ काय, त्या उठावाची सूचना होत्या कीं रोगराई टाळण्याचा तोडगा, याविषयीं इतिहासकारांत अद्यापि एकमत नाहीं. एक मात्र उघड आहे. भट्टी पेटण्याची वाट पाहावी लागणारी भाकरी या कामीं आली नसती. निरोप घेऊन आलेल्या माणसाला उभ्या उभ्या चार चपात्या करून देतां येणें, हें चूल आणि तवा घरोघर होता म्हणूनच शक्य झालें.

नान हिंदुस्थानभर पोंचला तो मात्र एका मोठ्या आपत्तींतून. १९४७ च्या फाळणींत पश्चिम पंजाब व सरहद्द प्रांतांतून लक्षावधि निर्वासित दिल्लीकडे आले. कित्येकांजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज कांहीं नव्हतें. परंतु तंदूर कसा लावावा, कणीक कशी आंबवावी, ही विद्या त्यांच्या हातांत होती. पेशावरांत ही कला शिकलेले कुंदनलाल गुजराल, कुंदनलाल जग्गी आणि त्यांचे सहकारी यांनीं त्याच वर्षीं दिल्लीच्या दर्यागंजांत 'मोती महल' हें उपाहारगृह काढलें, आणि तंदुरी खाद्यांची कीर्ति तेथून देशभर पसरली. निर्वासितांच्या वसाहतींत सांझा चूल्हाहि पुन्हां पेटला. पुढील दशकांत गांवोगांव 'पंजाबी' जेवणाचीं हॉटेलें निघालीं, आणि मुंबई-पुण्याच्या मध्यम वर्गाला नानाची ओळख झाली ती त्या टेबलावर. पंजाबांतल्या बायकांचा रोजचा मेळावा ज्या भट्टीभोंवतीं भरे, तीच भट्टी आपल्याकडे काचेच्या पलीकडची, पैसे मोजून पाहावयाची वस्तु झाली.

तीच भाकरी पुन्हां घरांत आणण्याचें श्रेय गॅसच्या शेगडीला द्यावें लागेल. इंडियन ऑइल कंपनीनें १९६५ सालीं कलकत्त्यांत 'इंडेन' गॅसचें वितरण सुरू केलें. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनें तो खेड्यापाड्यांतील लक्षावधि घरांत नेला. गॅसची ज्योत पाहिजे तेव्हां मोठी, पाहिजे तेव्हां लहान करतां येते, आणि तिच्यावर तंदुराचें काम तव्याकडून करवून घेण्याची एक सोपी युक्ति गृहिणींना सांपडली आहे.

दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी दही, एक चमचा साखर, अर्धा चमचा मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि एक मोठा चमचा तेल घेऊन कोमट पाण्यानें सैलसर कणीक मळावी आणि दोन तास झांकून ठेवावी. दह्यांतील आम्ल व सोडा यांच्या संयोगानें कर्बवायु सुटतो. मैद्यांत ग्लुटेन नांवाचा चिवट, ताणला जाणारा पदार्थ असतो. त्याच्या जाळ्यांत तो वायु कोंडला जाऊन कणीक हलकी होते. नंतर गोळा लांबट लाटावा, त्याच्या एका बाजूस पाण्याचा हात फिरवावा, आणि ती ओली बाजू कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकावी. पाण्यामुळें ती लोखंडास घट्ट चिकटते. पृष्ठभागावर फोड आले कीं तवा दांड्यास धरून ज्योतीवर पालथा करावा. आतां तवा ही तंदुराची भिंत झाली आणि ज्योत हे निखारे झाले! अर्ध्या-एक मिनिटांत वरची बाजू जागोजाग तांबूस होते. मग उलथन्यानें नान सोडवून त्यावर लोणी लावावें. शेगडी विजेची असेल तर पालथ्या तव्याला ज्योत मिळत नाहीं. तेथें जाड बुडाच्या कढईंत नान टाकून वर घट्ट झांकण ठेवावें आणि मग उलटून दुसरी बाजू भाजावी. मात्र न चिकटणाऱ्या लेपाचीं भांडीं या कामीं निरुपयोगी. त्यांवर नान चिकटून राहत नाहीं, तवा पालथा करतांच तो खालीं पडतो; शिवाय सुमारे २६० अंशांच्या वर तो लेप बिघडूं लागतो. येथें जुना जाड लोखंडी तवाच उपयोगी.

यांत आपल्याकडील स्त्रियांना अगदींच नवें असें फार थोडें आहे. ज्वारीच्या पिठांत ग्लुटेन नसतें, म्हणून भाकरीचें पीठ गरम पाण्यानें भिजवून मळतात. भाकरी तव्यावर टाकल्यावर तिच्या वरच्या बाजूस पाणी फिरवितात, उलटतात, आणि शेवटीं चुलीच्या निखाऱ्यांपुढें उभी करून फुगवितात. पाण्याचा हात, तव्याचा चटका आणि उघड्या विस्तवाची धग, या तिन्ही गोष्टी तेथें आहेतच. नानाला त्याच तीन गोष्टी लागतात. फक्त त्यांचा क्रम वेगळा, आणि पीठ वेगळें. भाकरी ज्या हाताला साधली, त्याला नान साधण्यास दोन-तीन प्रयत्न पुरे होतात.

तव्यावरचा नान नकली ठरत नाहीं, हें एवढ्यावरून पटावें. तंदुराची प्रखर उष्णता तव्यांत येत नाहीं, मातीचा आणि धुराचा वास येत नाहीं, हें खरें आहे. परंतु तो वासहि आतां शहरांतून ओसरण्याच्या मार्गावर आहे. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें लांकूड व कोळसा जाळणाऱ्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठीं सहा महिन्यांची मुदत दिली, आणि महानगरपालिकेनें तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांनाहि तशा नोटिसा काढल्या. हॉटेलांतल्या तंदुराखालींहि गॅस किंवा वीज आली कीं घरच्या आणि बाहेरच्या विस्तवांतलें अंतर आणखीच कमी होणार. इतिहासांत भाकरीनें विस्तव बदललेला आहे तो अनेकवार. प्रत्येक वेळीं जुन्या विस्तवाचा वास गेला, आणि भाकरी टिकली.

एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष होतां कामा नये. तव्यानें विस्तव घराच्या मालकीचा केला, खापरासाठीं कोणाच्या दाराशीं जाण्याची गरज उरली नाहीं, हा मोठाच लाभ झाला. पण त्याची किंमत एका माणसानें दिली. अबुल फजलानें म्हटल्याप्रमाणें चपाती गरम गरम रुचते, आणि नानहि तसाच. म्हणून घरचीं सर्व माणसें पानावर बसतात आणि एक स्त्री ओट्याशीं उभी राहते. सर्वांना ऊन वाढणारीच्या वांट्याला बहुधा निवालेली भाकरी येते. पंजाबांतल्या तंदुरावर भाकऱ्या एकदम भाजून होत, आणि भाजणारीहि इतरांबरोबर जेवावयास बसूं शके. युनेस्कोनें २०१४ सालीं आर्मेनियाच्या लवाशला, आणि २०१६ सालीं इराण, तुर्कस्तान, अझरबैजान, कझाखस्तान व किर्गिझस्तान येथील चपट्या भाकरीच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें; दुसऱ्या नोंदीच्या नांवांतच भाकरी करणें आणि ती वांटून खाणें हीं दोन्ही कामें जोडलेलीं आहेत. करणें पुष्कळ जणांनीं मिळून, आणि खाणेंहि मिळून, हा भट्टीचा जुना धडा तव्याच्या घरांत हरवतां कामा नये.

रविवारच्या संध्याकाळीं ज्या घरांत नानाचा बेत ठरेल, तेथें हा धडा गिरविणें अवघड नाहीं. कणीक एकानें मळावी, लाटण्याचें काम मुलांकडे द्यावें, तवा पालथा करण्याचें जोखमीचें काम घरांतील कर्त्या पुरुषानें शिकून घ्यावें, आणि झालेले नान जाड फडक्यांत गुंडाळून डब्यांत ठेवावेत. तेथें ते अर्धा तास मऊ आणि ऊन राहतात. मग सर्वांनीं एकदमच पानावर बसावें. असा नान तंदुरांतला नसला तरी त्याला खरा म्हणण्यास इतिहासाची कांहींच हरकत नाहीं.